जुळीचं ताट

तो शब्द माझाच होता, हे आधी कबूल करून टाकते. दुसऱ्या कोणी सांगितलं तर माझी आणखी शोभा होईल. मी सांगताना निदान स्वतःला दोन शिव्या कमी घालीन.

आमचं काम असं, की माणसाच्या अंगात हवेतून, पाण्यातून, धुळीतून, अन्नातून नको ते काय काय जातं आणि कुठल्या वाटेनं जातं, ते शोधायचं. कागदावर त्याला भारदस्त नाव आहे. माझी आई विचारायची, "म्हणजे तू नेमकं करतेस काय गं?" मी म्हणायचे, "लोकांच्या लाद्या पुसते आणि त्यांच्या लघवीच्या बाटल्या गोळा करते." ती मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सांगायची, मुलगी लॅबमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. मीही ते कधी खोडून काढलं नाही.

त्या वर्षी आम्ही शिशाच्या मागे होतो. घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीत पाच वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासायचं, आणि ज्याच्या रक्तात शिसं जास्त, त्याच्या घरी ते येतं कुठून ते हुडकायचं. रक्ताचं एक वैशिष्ट्य आहे. शिसं आत शिरलंय एवढं ते सांगतं, कुठून शिरलं ते सांगत नाही. त्यासाठी मग आमची वरात निघते. लादीवर फूटभर चौकट ठेवून आतली धूळ ओल्या कापडानं पुसून घ्यायची, मुलाचे हात पुसायचे, पिंपातलं पाणी घ्यायचं, भिंतीच्या रंगाचा पोपडा काढायचा. हे सगळं सोपं. कठीण असतं ते अन्न. पोरानं काल काय खाल्लं म्हणून विचारलं की प्रत्येक घरात एकच उत्तर, वरणभात. समोर पोराच्या तोंडाला कुरकुऱ्यांचा लाल रंग असतो.

म्हणून पद्धत अशी आहे, की दिवसभरात मूल जे जे खाईल, तेवढंच, तसंच, आमच्या डब्यात काढून ठेवायचं. हे समजावता समजावता माझा घसा बसला. कोणी एक चमचा ठेवला, कोणी नुसता भात ठेवला. एका बाईनं अख्ख्या घराचं जेवण भरून दिलं आणि वर म्हणाली, तुमच्या साहेबांना पण पुरेल. शेवटी एका घरात माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, देवाला नैवेद्य कसा काढता? जे जे केलंय त्यातलं सगळं पानात वाढता ना? मग तसंच काढा की आमच्या डब्यात." ती बाई म्हणाली, "हां, असं सांगा ना मग." दुसऱ्या दिवशी डबा असा भरलेला आला, की बघत राहावं.

मग काय, मी सगळीकडे तेच सांगत सुटले. 'नैवेद्याचं ताट.' आमचे सर पुण्याचे, शब्द तोलूनमापून वापरणारे. त्यांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि नव्या मुलींच्या ट्रेनिंगच्या कागदात तो शब्द घातला. मी घरी येऊन हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा नवरा म्हणाला, "कळलं गं."

त्याच वस्तीत ते घर होतं. दोन खोल्या, वरची एक पत्र्याची. नवरा-बायको, त्याची आई आणि चार वर्षांची मुलगी. आजी मूळची मालवणकडची. तिचा नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा परळ सोडून हे लोक डोंगरावर आले. मुलगा कुरिअरच्या गोदामात. सून साकीनाक्याला एका गाळ्यात सोल्डरिंग करायची. इलेक्ट्रिकच्या पट्ट्यांवर बारीक तारा चिकटवायच्या, गरम सळीच्या टोकानं, दिवसाला शेकडो. हात इतका साफ, की मालकानं तिला सुपरवायझर करायचं ठरवलं होतं. त्या गाळ्यात तोवर बाई सुपरवायझर झालेली नव्हती. ती मला पहिल्याच भेटीत हे सांगून मोकळी झाली, आणि सांगताना एवढी खूश होती, की मलाच आपलं प्रमोशन झाल्यासारखं वाटलं.

नंतर मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं मर्यादेच्या बरंच वर.

आता सोल्डर म्हणजे काय? कथील आणि शिसं. सुनेचं काम ऐकल्यावर सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, माझ्यासकट. तरी आम्ही शिस्तीत सगळं केलं. पाणी साफ. भिंतीचा रंग साफ. लादीच्या धुळीत फक्त दाराजवळ, जिथे ती पर्स आणि चपला ठेवायची तिथे, थोडं शिसं सापडलं. आजीनं काढून ठेवलेलं ताट एकदम साफ. वरण, भात, भेंडीची भाजी, वर कोशिंबीर. सुनेचं स्वतःचं रक्त तपासलं, तर तेही जवळजवळ साफ. मला ते खटकलं. पण सर म्हणाले, "मोठ्या माणसाच्या पोटातून शिसं रक्तात कमी जातं, लहान मुलांच्या जास्त. आईच्या कपड्यांवरून घरी येत असणार. दुसरं काही उरतंय का तुमच्याकडे?" माझ्याकडे काही उरत नव्हतं.

आणि हे मी त्या घरात जाऊन सांगितलं. 'बहुधा' असा शब्द वापरला होता मी, पण घरात बहुधा कोणाला ऐकू येतो? आजी तिथल्या तिथे म्हणाली, "चेडवापेक्षा नोकरी मोठी काय? सोड ती नोकरी." नवरा खाली बघून मोबाइलवर बोट फिरवत बसला. असा राग आला मला त्याचा. सून मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथे म्हणाली, "ताई, मी हात साबणानं धुऊन निघते. ड्रेस बदलते. सोमवारी मालकाला हो म्हणायचंय. तुम्ही म्हणालात तर मी सोडते, पण तुमची खात्री आहे ना?"

खात्री. मी म्हटलं, बघते. आणि मेट्रोत बसून सबंध रस्ता स्वतःवर चडफडत राहिले. कारण खात्री नव्हती. आणि त्यातली खरी भीती ही, की आमचं चुकलं असेल तर तिची नोकरीही जाणार आणि शिसं मात्र त्या घरात राहणार. मुलगी खातच राहणार.

शनिवारी सुट्टी होती. मी न सांगता दुपारी तिथे गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. सून कामावर होती, नवराही. मुलगी बालवाडीतून आलेली, आजी तिला भरवत होती. बांगड्याचं कालवण आणि भात. कोकमं घातलेलं, लालभडक, काटे काढून एक-एक घास. मुलगी चोखून चोखून खात होती. ओट्यावर पितळेचा एक टोप होता, आतून आरशासारखा चकचकीत.

मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "आजी, झकास वास सुटलाय. आज बाजार केला वाटतं?"

"कालचा हा," आजी म्हणाली. "बांगड्याचा कालवण दुसऱ्या दिवशीच खावचा. रातभर टोपात मुरला काय मग चव येता. चेडू दुसरा कायेक खाईना, रोज दुपारी ह्याच मागता."

"रोज?"

"सोमवार-गुरवार सोडून."

मी डोक्यात आमचा तक्ता उलगडला. वरण, भात, भेंडी, कोशिंबीर. मी विचारलं, "मग त्या दिवशी आमच्या डब्यात हे नव्हतं ते?"

आजीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पायातल्या चपलांसकट देवघरात शिरलेय. "नैवेद्याक शिळां कोण ठेवता गे बाय? आनि म्हावरा? तूच सांगलंस ना, नैवेद्यासारख्या काढ म्हणान. मी आंघोळ करून, सगळ्यांच्या आधी काढलंय. कोणाचा उष्टा पण लागूक दिलंय नाय."

वाट लागली. माझीच, माझ्याच तोंडानं. नैवेद्य म्हटल्यावर ती माउली दुसरं काय करणार होती? ताजं, सोवळ्यातलं, पहिलं, मासे वगळून. मुलीनं खाल्लेलं नव्हे, देवानं खावं असं ताट तिनं माझ्यासाठी काढलं होतं. आणि एकट्या तिनंच कशाला, वस्तीतल्या प्रत्येक घरानं तेच केलं असणार. म्हणून तर डबे इतके सुंदर भरून येत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास माझ्या कौतुकाच्या दोरीचा.

मग मला तो टोप दिसला. म्हणजे दिसत होताच, पण आता दिसला. "आजी, आंबट कालवण रात्रभर पितळेत? कळकत नाही?"

आजी खूश झाली. आत्ता कुठे हिला स्वयंपाकातलं काही कळतं, असं तिच्या तोंडावर आलं. "कल्हई केलेली आसा ना. गेल्या साली कल्हईवालो इलेलो, किती वर्सांनी. सगळे टोप करून घेतलंय. जरा तरी कळकला असता तर जिभेक कळला असता."

खरंच आहे. पितळ कळकतं, म्हणजे आंबटात उतरतं, ते जिभेला कळतं. आपल्या बायकांची जीभ पिढ्यान् पिढ्या त्यावर पहारा देत आलीय. पण कल्हईच्या कथलात कोणी शिसं मिसळलं असेल तर? शिसं जिभेला कळत नाही.

मी तिथूनच सुनेला फोन लावला. म्हटलं, "सोमवारी नाही म्हणायचं नाही. होही म्हणू नकोस. आठ दिवस माग." ती म्हणाली, "कशाला ताई?" मी म्हटलं, "माझी चूक झालीय, ती निस्तरायला." मग ती म्हणाली, "मागते."

आता पुन्हा ताट काढायला सांगायचं होतं, आणि या खेपेला शब्द नीट हवा होता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तो चांगलाच बसला होता. मुलगी माझ्यासमोर बोटं चाटत बसली होती. मी आजीला म्हटलं, "आजी, नैवेद्य विसरा. समजा, हिला एक जुळी बहीण आहे. अगदी हिच्यासारखी हट्टी. ही खाईल तेव्हा, ही खाईल ते, त्याच टोपातून, त्याच पळीनं, तेवढंच तिलाही पाहिजे. शिळं तर शिळं. हिनं भिंत चाटली तर तीही चाटणार."

मुलीला ही कल्पना इतकी आवडली, की तिनं लगेच जुळीसाठी शेजारी पाट मांडायला लावला. त्या दिवसापासून तीन दिवस त्या घरात दोन पोरी जेवत होत्या. हिनं अर्धं बिस्कीट खाल्लं की अर्धं डब्यात. आजी कुरकुरली, "खरा पोर बरा, ह्या लॅबचा पोर लय खाता." पण डबे चोख भरले. मी वेगळ्या बाटलीत त्याच बांगड्याचा कच्चा तुकडाही घेतला, नाहीतर उद्या कोणी म्हणायचं, समुद्रातून आलं.

ऑफिसात मात्र सर म्हणाले, "लॅबमध्ये रांग आहे. महिना तरी लागेल." माझा पारा चढला. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, महिन्यानं रिपोर्ट येईल आणि त्या बाईची नोकरी येत्या सोमवारी जाईल. आणि चूक आपली आहे. आपण म्हणजे मी. नैवेद्य हा शब्द माझा. त्यामुळे आपण घरोघरचं सगळ्यात शुद्ध अन्न तपासलं आणि मुलं जे खातात ते तपासलंच नाही. ट्रेनिंगच्या कागदातून तो शब्द आज काढा." मला वाटलं, आता घरी बसायची वेळ आली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वतः डब्यांची थैली उचलली आणि लॅबच्या दिशेनं चालायला लागले. त्या पाठीकडे बघून मी पुण्याच्या लोकांबद्दल बोललेले निम्मे शब्द मनातल्या मनात मागे घेतले.

सहाव्या दिवशी आकडे आले. बिस्किटं साफ. दूध साफ. कच्चा बांगडा साफ. रात्रभर टोपात मुरलेलं कालवण, शिशानं भरलेलं.

मी आणि सर, दोघंही गेलो त्या घरी. रविवार होता, सगळे होते. मी सांगितलं तसं आजीचा चेहरा उतरला, मग चढला. "आमी सगळी ह्याच टोपातला खावन मोठी झालों. कोण मेला? तुमची मशीन खोटी." सर समजावायला लागले, कथील, मिश्रण, आम्ल. आजीला ते तीळभरही पटत नव्हतं. आणि सून उठली. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं. टोप आडवा केला. काठाजवळ कल्हईचा एक जाड ओघळ थिजलेला होता, त्यावर ते पान दाबून घासलं. कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली.

"आमच्याकडे बिनशिशाची तार पण येते," ती म्हणाली, "कधी बंडलं मिसळतात. तेव्हा आम्ही कागदावर घासून बघतो. नुसत्या कथलाची अशी रेघ उठत नाही." मग सासूकडे वळून, आवाज जराही न चढवता, "आई, माझ्या गाळ्यातलं शिसं मी गाळ्यातच ठेवून येत होते. हे तुमच्या टोपातलं आहे."

मी आतून अशी उडी मारली म्हणता, की डोंगर हलला असता. बाहेरून नुसती बसून होते. सर म्हणाले, "काखेत कळसा," आणि पुढचं स्वतःशीच पुटपुटले. दोन दिवसांनी ते कुठूनसं धातू ओळखणारं बंदुकीसारखं यंत्र उसनं घेऊन आले. त्यानंही तेच सांगितलं, पण माझ्या लेखी निकाल त्या वहीच्या पानावर लागला होता. कल्हईवाल्याला तरी काय बोलणार? त्यानं बाजारातून कथील म्हणून जे घेतलं ते लावलं. तो परत कधी आला नाही.

आजीनं मात्र त्या रविवारी आडवा केलेला टोप पुन्हा सरळ ठेवला. लग्नात माहेराहून आणलेला टोप तो. मग तिनं विचारलं, "माझ्या हातान घातलंय मी तिका?" मी तिचा हात धरला. म्हटलं, "आजी, तुम्ही तिला प्रेमानंच घातलंत. तुमच्या जिभेला ते कळणार नव्हतं, म्हणून तर आम्ही." तिचंही रक्त आम्ही घेतलं. तिच्याही अंगात शिसं निघालं, सुनेपेक्षा कितीतरी जास्त. आणि तेव्हा ते गौडबंगाल सुटलं, सुनेचं रक्त साफ का होतं ते. कालवण कधी तिच्या वाट्याला यायचंच नाही. ती सकाळी साडेसातला निघायची, डब्यात चपाती आणि सुकी भाजी. रात्री येईपर्यंत ताजं संपलेलं, आणि मुरत ठेवलेलं कालवण पोरीचं आणि आजीचं. सासूनं सुनेला वाढलं नाही म्हणून सून वाचली. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा ती भांडी घासता घासता इतकी हसली, की तिला नळ बंद करावा लागला.

सोमवारी तिनं मालकाला हो सांगितलं. सुपरवायझर झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर गाळ्यात चहाच्या आधी सगळ्या बायकांना हात धुवायला लावले आणि चपला, ॲप्रन तिथेच ठेवायची फळी करून घेतली. दाराजवळच्या लादीवर जे थोडं सापडलं होतं, तेही तिनं मिटवून टाकलं.

वस्तीतली सगळी घरं आम्ही पुन्हा केली, या खेपेला जुळीच्या ताटानं. आणखी काही घरांत तीच कल्हई निघाली. सरांनी कागदातला शब्द बदलला. मी घरी सांगितलं, या खेपेला एकदाच.

काही महिन्यांनी मुलीचं रक्त पुन्हा तपासलं. उतरलं होतं, आणि चांगलं उतरलं होतं. रिपोर्ट घेऊन मी सकाळी सातलाच गेले, कारण मला सून निघायच्या आत सांगायचं होतं. सांगितलं. तिनं तोंडावर पदर दाबला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

आजी ओट्यापाशी पाठ करून उभी होती. समोर नवा कोरा स्टीलचा टोप, त्यात कालचं कालवण. त्या दिवशी आम्हाला शेवटचा नमुना घ्यायचा होता, म्हणून मी आमचा डबा आणला होता. आजीनं तो भरला. मग सुनेचा कामावर न्यायचा डबा ओढला, त्यातली सुकी भाजी बाजूला केली आणि त्यातही पळीनं कालवण वाढलं. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवून वाकून पातळी बघितली, आणि एकात अर्धी पळी आणखी घातली.

"ह्यो लॅबचो," ती माझ्याकडे सरकवत म्हणाली. दुसरा सुनेच्या हातात दिला. "आनि ह्यो तुजो. दोनांतय सारख्याच घातलंय."

सुनेनं झाकण लावलं, डबा पर्समध्ये उभा ठेवला आणि साकीनाक्याला कामावर गेली.